नवीन फिशटँकचे पाणी पहिल्यांदा कधी बदलावे?

ओंजळभर (वाकड)
३ जानेवारी, रात्री ८.५०

नमस्कार. नाताळच्या सुट्टीत मुलीने मासे पाळायचे मनावर घेतले आणि आम्ही दोन फूट लांब, एक फूट रुंद व एक फूट उंच अशी काचेची टाकी आणली. २६ डिसेंबरला पाणी भरले, रात्रभर एअर पंप चालू ठेवला आणि २७ तारखेला बोटभर लांबीचे तीन गोल्डफिश सोडले. तळाशी धुतलेली बारीक खडी आहे आणि कोपऱ्यात स्पंज फिल्टर आहे. आज आठवा दिवस.

पाणी पहिल्यांदा कधी बदलायचे, हा प्रश्न आहे. ज्या दुकानातून टाकी घेतली तेथे सांगितले की महिनाभर पाण्याला हात लावू नका, पाणी मुरू द्या. शेजारचे काका बरीच वर्षे मासे पाळतात. ते दर रविवारी सगळे पाणी काढून खडी आणि स्पंज नळाखाली स्वच्छ धुतात आणि आम्हालाही तसेच करायला सांगतात. काल पाणी तांदूळ धुतल्यासारखे पांढुरके झाले आणि आज सकाळपासून तिन्ही मासे वर येऊन तोंड उघडमीट करीत आहेत. सोसायटीत महापालिकेचे पाणी येते, पण त्यात बोअरचे आणि टँकरचे पाणी मिसळलेले असते. घरात टेस्ट किट नाही.

निवळी (डोंबिवली)
३ जानेवारी, रात्री ९.३५

मासे वर येऊन तोंड उघडमीट करीत असतील तर आज रात्रीच निम्मे पाणी बदला आणि बाकीचे नंतर वाचा. बादलीतल्या पाण्यात अँटी-क्लोरीनचे थेंब बाटलीवर दिलेल्या प्रमाणात टाका, एक हात टाकीत आणि एक हात बादलीत बुडवून पाहा, आणि दोन्हीकडे सारखेच गार लागले की हळूहळू ओता. खडी आणि स्पंज यांना अजिबात हात लावू नका. दोन दिवस खाद्यही देऊ नका. गोल्डफिश तेवढ्या उपासाने दगावत नाही.

आता त्यामागचे कारण. मासे कल्ल्यांतून सतत अमोनिया सोडत असतात, शिवाय विष्ठा आणि उरलेले खाद्य कुजूनही तो तयार होतो. मुरलेल्या टाकीत एका गटाचे जिवाणू अमोनियाचे नायट्राइट करतात आणि दुसऱ्या गटाचे, मुख्यतः नायट्रोस्पायरा वंशाचे, त्या नायट्राइटचे नायट्रेट करतात. अमोनिया आणि नायट्राइट दोन्ही माशांना घातक आहेत. नायट्रेट त्या मानाने पुष्कळच सौम्य. नव्या टाकीत हे जिवाणू नावापुरते असतात आणि त्यांची वाढ फार संथ असते, म्हणून ही साखळी बसायला साधारण चार ते सहा आठवडे जातात. दुकानात सांगितलेला महिना तेथूनच आला आहे. पण हा महिना जिवाणूंच्या वाढीचा झाला. तेवढ्या काळात स्वतःच सोडलेल्या अमोनियात माशांनी कसे जगायचे, हे त्या सल्ल्यात कोठेच येत नाही. टाकीत मासे नसतील तर तो सल्ला बराचसा बरोबर आहे. तुमच्याकडे मात्र दोन घनफूट टाकीत, म्हणजे खडी आणि वरची मोकळी जागा वजा जाता सुमारे ४५ लिटर पाण्यात, तीन गोल्डफिश आहेत आणि गोल्डफिश हा खादाड, पुष्कळ घाण करणारा मासा आहे.

काकांच्या पद्धतीत दोष आहे तो नळाखाली धुण्यात. हे जिवाणू स्पंजच्या छिद्रांत, खडीवर आणि काचेवर चिकटून राहतात. क्लोरीन असलेल्या नळाखाली स्पंज पिळला की आठवडाभरात जे काही जमले असेल ते जाते आणि टाकी पुन्हा पहिल्या दिवसावर येते.

पांढुरकेपणामागे वेगळेच जिवाणू असतात. कुजणाऱ्या पदार्थांवर ते झपाट्याने वाढतात आणि पाण्यातला प्राणवायूही वापरतात. काही दिवसांत पाणी आपोआप निवळते. एअर पंप चालू ठेवा आणि उद्या अमोनिया, नायट्राइट, नायट्रेट व पीएच (पाणी किती आम्ल वा अल्कधर्मी आहे याचा आकडा) मोजणारे थेंबांचे किट आणा.

पाणकणीस (रत्नागिरी)
३ जानेवारी, रात्री १०.१५

निवळीताईंशी मी नम्रपणे असहमत आहे. पाणी बदलले की त्यातले जिवाणू वाहून जातात आणि टाकी मुरायला दुप्पट वेळ लागतो, असे मला हा छंद शिकवणाऱ्यांनी सांगितले होते. मी सहा गप्पी सोडून पहिले पाच आठवडे विहिरीच्या पाण्याला हात लावला नाही आणि एकही मासा गेला नाही. माझ्या अनुभवात महिनाभर थांबणेच योग्य ठरले आहे.

निवळी (डोंबिवली)
३ जानेवारी, रात्री ११.०५

तुमचा अनुभव खरा आहे आणि त्याचे कारणही सापडण्यासारखे आहे. तुमच्या विहिरीच्या पाण्याचा पीएच कधी मोजला आहे का? आणि टाकीत अमोनिया शोषून घेणाऱ्या वनस्पती होत्या का?

पाण्यातला अमोनिया दोन रूपांत असतो. एक मुक्त अमोनिया, जो कल्ल्यांतून आत शिरतो आणि माशाला जाळतो. दुसरे अमोनियम, जे त्या मानाने निरुपद्रवी आहे. या दोघांचे प्रमाण पीएच आणि तापमान ठरवतात. २५ अंश सेल्सिअसला पीएच ७ असेल तर एकूण अमोनियापैकी साधारण अर्धा टक्काच मुक्त असतो. पीएच ८ झाला की तो पाच टक्क्यांच्या वर जातो. म्हणजे किटवर दोन्ही टाक्यांत सारखाच रंग दिसतो आणि एका टाकीतल्या माशांना दुसरीच्या दहापट विष भोगावे लागते.

जिवाणू वाहून जाण्याविषयी सांगायचे तर, मोकळ्या पाण्यात ते फारच थोडे असतात. माझ्याकडे एकाच दिवशी भरलेल्या दोन सारख्या टाक्या होत्या. एकीचे पाणी दर दोन दिवसांनी बदलले, दुसरीचे फक्त आकडा चढल्यावर. नायट्राइट शून्यावर यायला दोन्हींना जवळपास तितकेच दिवस लागले. पाणी बदलल्याने अमोनिया पूर्ण संपत नाही. जो उरतो आणि जो मासे रोज सोडतात तो जिवाणूंना पुरेसा असतो.

पाणकणीस (रत्नागिरी)
४ जानेवारी, सकाळी ७.४०

आत्ताच मोजले. विहिरीच्या पाण्याचा पीएच ६.५ भरला. वॉटर लेट्यूसही होते आणि त्याने अर्धी टाकी झाकलेली होती. आपण म्हणता तो हिशोब लागतो. माझे पाणी आणि माझी झाडे मला सांभाळून घेत होती हे मला ठाऊक नव्हते, आणि हाच सल्ला मी मुंबईतल्या भाच्याला दिला होता, याचे आता वाईट वाटते.

ओंजळभर (वाकड)
४ जानेवारी, रात्री ८.१०

काल रात्री निम्मे पाणी बदलले आणि सकाळी मासे खाली उतरलेले दिसले. आज किट आणले. काचेच्या नळीत पाच मिलिलिटर पाणी घेऊन थेंब टाकले तेव्हा ते आधी लिंबाच्या सालीसारखे पिवळे दिसले आणि पाच मिनिटांत कोवळ्या पोपटी रंगावरून गडद हिरव्याकडे गेले. तक्त्याशी ताडून पाहता अमोनिया २ पीपीएम (लिटरला २ मिलिग्रॅम), नायट्राइट शून्य, नायट्रेट शून्य, पीएच ८. निम्मे पाणी बदलूनही २ दाखवत असेल तर काल किती असेल, या विचाराने बेचैन व्हायला होते. आता दर किती दिवसांनी बदलायचे?

निवळी (डोंबिवली)
४ जानेवारी, रात्री ९.००

दिवस ठरवू नका, आकडा ठरवा. अमोनिया आणि नायट्राइट यांची बेरीज अर्ध्या पीपीएमवर गेली की त्या दिवशी पाणी बदलायचे, आणि त्याच्या आत असेल तर नाही. तुमच्याकडे आज २ आहे. आत्ता निम्मे बदला, ते १ वर येईल; सकाळी पुन्हा निम्मे बदला, ते अर्ध्याच्या आसपास येईल. सुरुवातीला रोज बदलावे लागेल असे धरून चाला.

एवढे पाणी एकदम बदलायला लोक घाबरतात, म्हणून एक गोष्ट सविस्तर लिहिते. एकदम निम्मे पाणी बदलल्याने मासे मेल्याचे जे प्रसंग ऐकू येतात ते बहुतेक जुन्या, महिनोन्‌महिने न बदललेल्या टाक्यांचे असतात. तेथे टाकीतले पाणी आणि नळाचे पाणी यांच्यात पीएच व क्षार या दोन्ही बाबतींत जमीन-अस्मानाचे अंतर पडलेले असते आणि तो धक्का माशाला सोसत नाही. तुमची टाकी नऊ दिवसांची आहे आणि तिच्यातले पाणी अजून तुमच्या नळाचेच पाणी आहे. तापमान आणि क्लोरीन सांभाळले तर नव्या टाकीत निम्मे पाणी बदलण्याइतके निर्धोक दुसरे काही नाही.

तापमानाचे मात्र जपा. जानेवारीत पहाटेचे नळाचे पाणी बोटे बधिर करते, आणि उन्हाळ्यात गच्चीवरच्या टाकीतून दुपारी येणारे पाणी हात भाजेल असे असते. बादली आदल्या रात्री भरून टाकीशेजारी ठेवली की सकाळपर्यंत दोन्ही पाणी एका तापमानाला येते. अँटी-क्लोरीन म्हणून जे मिळते ते बहुधा सोडियम थायोसल्फेटच असते, फोटो धुणारे ज्याला हायपो म्हणत. ते मिनिटभरात काम करते. भारतीय मानक १०५०० प्रमाणे नळाच्या पाण्यात लिटरला किमान ०.२ मिलिग्रॅम क्लोरीन शिल्लक असणे अपेक्षित आहे, त्यामुळे वास येत नाही म्हणून थेंब टाकायचे टाळू नका.

नागनदी (नागपूर)
४ जानेवारी, रात्री १०.२०

आरओचे पाणी वापरण्याचा मोह कोणाला होत असेल तर माझी चूक सांगतो. पिण्यासाठी शुद्ध म्हणून मी टाकी संपूर्ण आरओच्या पाण्याने भरली आणि पाच टेट्रा सोडले. पाच आठवडे झाले तरी अमोनिया खाली येईना, पण मासे मात्र ठीक दिसत होते. पीएच ६ च्याही खाली गेला होता. अमोनियाचे रूपांतर करताना जिवाणू पाण्यातली क्षारीयता, म्हणजे पीएच घसरू न देणारे क्षार, वापरतात, अमोनियातल्या एक मिलिग्रॅम नायट्रोजनमागे सुमारे सात मिलिग्रॅम. आरओच्या पाण्यात ती जवळजवळ नसतेच, म्हणून पीएच घसरला आणि जिवाणूंचे काम थांबले.

हे कारण तेव्हा कळल्यावर मी एका संध्याकाळी निम्मे पाणी काढून नळाचे पाणी घातले. रात्रीत चार मासे गेले. इतके दिवस निरुपद्रवी अमोनियमच्या रूपात साठलेला अमोनिया पीएच चढताच मुक्त झाला होता. त्यातला निम्मा मी काढला हे खरे, पण उरलेला निम्मा कैकपटींनी विषारी झाला. तेव्हा निवळीताई म्हणतात तसे निम्मे पाणी बदलण्याआधी टाकीचा आणि नळाचा पीएच दोन्ही मोजावेत. अंतर मोठे असेल तर रोज दहावा हिस्सा बदलणे बरे.

निवळी (डोंबिवली)
४ जानेवारी, रात्री १०.४५

ही सूचना फार मोलाची आहे आणि मी ती आधीच द्यायला हवी होती. ओंजळभर, तुमच्या नळाच्या पाण्याचाही पीएच आजच मोजा.

ओंजळभर (वाकड)
४ जानेवारी, रात्री ११.१०

नळाचाही ८ च आहे. पाणी बदलले.

पागोळी (सॅन फ्रान्सिस्को)
५ जानेवारी, सकाळी ११.३०

परदेशातून वाचणाऱ्यांसाठी एक भर घालते. आमच्या शहरात २००४ पासून पाण्यात क्लोरीनऐवजी क्लोरामाइन, म्हणजे क्लोरीन आणि अमोनिया यांचे संयुग, असते. बादली रात्रभर उघडी ठेवली की क्लोरीन बरेचसे उडून जाते. क्लोरामाइन तसे जात नाही. थायोसल्फेटने त्यातला क्लोरीन निघतो आणि अमोनिया मागे उरतो. नव्या टाकीत तो खायला जिवाणू नसल्यामुळे प्रत्येक बदलाबरोबर आपण थोडा अमोनिया स्वतःच ओतत असतो. येथे अमोनियाही बांधून ठेवणारे कंडिशनर घ्यावे लागते. घरी, म्हणजे सांगलीला, आईकडे पाणी बदलताना हा प्रश्न कधी आला नव्हता, त्यामुळे येथे पहिले दोन फायटर गमावल्यावर मला हे कळले.

हिरवळ (नाशिक)
६ जानेवारी, दुपारी २.१५

ज्यांनी अजून मासे आणलेले नाहीत त्यांच्यासाठी लिहितो, कारण खरे तर तोच चांगला मार्ग आहे. टाकीत मासे न सोडता अमोनिया घालून जिवाणू वाढवता येतात. अमोनियम क्लोराइड म्हणजे आपला नवसागर. ४५ लिटर पाण्यात २ पीपीएम अमोनिया करायला सुमारे ०.३ ग्रॅम पुरतो. कल्हईसाठी मिळणारा नवसागर वापरू नये, त्यात काय भेसळ असेल सांगता येत नाही. प्रयोगशाळेच्या सामानाच्या दुकानात शुद्ध मिळतो. या पद्धतीत मध्ये पाणी बदलण्याची सहसा गरज नसते. पीएच घसरला किंवा अमोनिया ५ पीपीएमच्या वर गेला तरच बदलावे. घातलेला २ पीपीएम अमोनिया चोवीस तासांत शून्य होऊन नायट्राइटही शून्य दिसू लागले की तीन चतुर्थांश पाणी बदलून साठलेले नायट्रेट काढून टाकायचे आणि मगच मासे आणायचे.

वनस्पतींसाठी मिळणारी खतयुक्त माती तळाशी घातली असेल तर नियम वेगळा. ती माती पहिल्या दिवसापासून स्वतःच अमोनिया सोडते आणि त्यावर शेवाळ माजते. मी पहिला आठवडा रोज निम्मे, दुसरा आठवडा एक दिवसाआड, नंतर आठवड्यातून दोनदा असे पाणी बदलतो.

आणि ओळखीच्या कोणाकडे निरोगी मासे असलेली मुरलेली टाकी असेल तर तेथला स्पंज आपल्या टाकीच्या पाण्यात पिळून घ्यावा, किंवा स्पंजचा तुकडाच मागून आणावा. दह्याला विरजण लागते तसे हे आहे. ओलाच आणावा आणि तासाभरात टाकीत जाईल असे पाहावे.

ओंजळभर (वाकड)
१९ जानेवारी, रात्री ९.००

पंधरा दिवसांची नोंद देतो. पहिले आठ दिवस रोज निम्मे पाणी बदलले. ऑफिसमधल्या एका सहकाऱ्याकडून स्पंजचा तुकडा मिळाला, तो १० तारखेला फिल्टरशेजारी सोडला. १४ पासून अमोनिया पाव पीपीएमच्या वर गेला नाही, पण नायट्राइट चढले. परवा थेंब टाकल्या टाकल्या नळी जांभळी झाली, १ पीपीएम. निम्मे बदलले, आज पुन्हा १. मासे खातात, पण कल्ले जरा भराभर हलतात. दुकानात विचारले तर मूठभर मीठ आणि निळे औषध टाका असे सांगितले.

निवळी (डोंबिवली)
१९ जानेवारी, रात्री ९.४०

हा टप्पा येणारच होता. दुसऱ्या गटाचे जिवाणू मागून येतात, म्हणून मधल्या काळात नायट्राइट साठते. ते रक्तात शिरले की हिमोग्लोबिनला प्राणवायू वाहता येत नाही, रक्त तपकिरी होते आणि पाण्यात प्राणवायू भरपूर असूनही मासा गुदमरतो. मिठाचा उपयोग येथे खरोखर आहे, पण मूठभर नको. मिठातला क्लोराइड कल्ल्यांतल्या त्याच वाटेने आत जातो आणि नायट्राइटला अडवतो. नायट्राइटच्या दहापट क्लोराइड पुरेसा होतो. १ पीपीएमसाठी तुमच्या ४५ लिटरमध्ये एक ग्रॅमही मीठ लागत नाही. पाव चमचा घाला, तेवढ्यात ते प्रमाण सहज साधते. ते आधी मगभर पाण्यात पूर्ण विरघळवा, आणि निम्मे पाणी बदललेत की त्याच्या निम्मे पुन्हा घाला.

निळे औषध, म्हणजे मेथिलीन ब्लू, टाकीत टाकू नका. इतक्या कष्टाने वाढवलेल्या जिवाणूंना त्याने इजा होते. पाणी बदलत राहा. लोडशेडिंग होत असेल तर बॅटरीवर चालणारा छोटा एअर पंप जवळ ठेवा. माशांइतकाच प्राणवायू या जिवाणूंनाही लागतो.

ओंजळभर (वाकड)
९ फेब्रुवारी, सकाळी १०.३०

निवळीताई, आज सलग सहावा दिवस अमोनिया शून्य आणि नायट्राइट शून्य. नायट्रेट २०. तिन्ही मासे आहेत. काचेवर तपकिरी थर येतो तो मुलगी जुन्या एटीएम कार्डाने खरवडते. आता रोजचे बदलणे थांबवायचे का?

निवळी (डोंबिवली)
९ फेब्रुवारी, दुपारी १२.१०

मनापासून आनंद झाला. रोजचे थांबवा आणि आता आठवड्याला निम्मे करा. तुमच्या टाकीत आठवड्याला २० पीपीएम नायट्रेट वाढते असे धरू. दर आठवड्याला पाव पाणी बदलले तर काही आठवड्यांनी ते बदलाच्या आधी ८० वर जाऊन स्थिरावते. निम्मे बदलले तर ४० वर. आठवड्याची वाढ भागिले बदललेला हिस्सा, इतका सोपा हा हिशोब आहे. मात्र नळाच्या पाण्यातले नायट्रेटही एकदा मोजा, कारण बोअरच्या पाण्यात ते बरेच असू शकते. पिण्याच्या पाण्याची मर्यादा लिटरला ४५ मिलिग्रॅम आहे आणि तुमचे पाणी तिच्या जवळ असेल तर कितीही बदलून आकडा त्याखाली येणार नाही.

उन्हाळ्यात पाणी आटेल. वरून भर घालणे म्हणजे पाणी बदलणे नव्हे, कारण वाफ होते ती नुसत्या पाण्याची, क्षार आणि नायट्रेट टाकीतच राहतात. स्पंज महिन्यातून एकदा, टाकीतून काढलेल्या पाण्याच्या बादलीत दोनदा दाबा, तेवढे पुरे. आणि हे तीन मासे मोठे झाले की या टाकीत मावणार नाहीत, तेव्हा वर्षभरात मोठ्या टाकीचा विचार करावा लागेल.

ओंजळभर (वाकड)
९ फेब्रुवारी, रात्री ८.४५

नळाच्या पाण्यात नायट्रेट १० निघाले. आठवड्यात टँकर आला की पुन्हा मोजेन, कारण टँकर दर वेळी एकाच विहिरीवरून येत नाही. काकांनाही किट दाखवले. त्यांनी रविवारच्या धुण्यानंतर तिसऱ्या दिवशी आपल्या टाकीचे पाणी मोजले, तर अमोनिया १ निघाला. या रविवारी त्यांनी पहिल्यांदाच फक्त निम्मे पाणी काढले आहे आणि स्पंज काढलेल्या पाण्यातच पिळला आहे.